बोनलेससाठी सुरी कोणती घ्यावी? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

वहिनी: नमस्कार सगळ्यांना. बचत गटाच्या स्टॉलवर रविवारी बोनलेस फ्राय मागायला लागलेत लोक. पावशीवर (पायाने दाबून धरायच्या विळीवर) रश्शाचे तुकडे छान पडतात, पण बोनलेस काढताना अर्धं मांस काट्यालाच राहतं आणि कडा फाटतात. फिलेची, म्हणजे काट्यावरून मांसाची अख्खी बाजू सोडवायची सुरी घ्यायची आहे. मासोळी मामा (माजी मालगुजारी) तलावातली रोहू, कतला, मरळ. महिन्यातून दोनदा नागपूरहून बर्फातली सुरमई नि बांगडे. दोन्हीला एकच सुरी चालेल का?

भाचा: मामी, ऑनलाइन बारा सुऱ्यांचा सेट आहे. वर कात्री फुकट.

जावईबापू: सेट नको. त्यातली एखादी सोडली तर बाकीच्या ब्रेड-भाजीच्या असतात. वहिनी, एकच घ्या, पण बघून घ्या. लांबी मासोळीच्या लांबीवर ठरत नाही, रुंदीवर ठरते. पाठीपासून पोटापर्यंत मासोळी जेवढी रुंद, त्यापेक्षा पातं दोनेक इंच मोठं हवं, म्हणजे एका ओढीत अख्खी बाजू सुटते. पातं तोकडं पडलं की करवतीसारखं मागेपुढे करावं लागतं. तुमच्या कडा त्यानेच फाटतात. बांगडा, तिलापिया यांना 6 इंच पुरे. एक ते तीन किलोच्या रोहूला, मरळीला, सुरमईला 7 ते 8. नऊ इंची पातं पाच किलोच्या वरच्या मासोळीचं, ते सध्या नको.

वहिनी: म्हणजे 7 इंची?

जावईबापू: हो. आता लवचिकपणा. दुकानात टोक लाकडी पाटावर टेकवून हलकं दाबा. पातं पुढच्या अर्ध्या भागात वाकलं पाहिजे, मुठीजवळ नाही, आणि सोडल्यावर सरळ झालं पाहिजे. जरा बाक राहिला तरी ठेवून द्या. फार लवचिक पातं बांगड्याला झकास, पण रोहूच्या जाड बरगड्यांवर ते भरकटतं आणि मांसात शिरतं. फार ताठ असलं तर काट्याच्या वळणावर बसत नाही, मांस मागे राहतं. तुम्हाला मधलं हवं. पाठ मुठीजवळ दोन मिलिमीटरच्या आसपास आणि टोकाकडे पातळ होत गेलेली.

आत्या: पावशीनं आजवर कोणाचं अडलं नाही बाई. दोन्ही हात मोकळे राहतात, मुंडकं एका दाबात तुटते.

जावईबापू: आत्याबाई, पावशी काढायची नाहीच. मुंडकं, शेपूट, पर (पंख), रश्शाचे तुकडे, सगळं पावशीवरच करा. फिलेच्या सुरीने पाठीचा काटा तोडायला गेलं की धार तिथेच वळते, नाहीतर दाता पडतो. ती फक्त मांसाची सुरी आहे.

मामाजी: पोरी, सुरीच्या आधी मासोळीचं पाह्य. रोहू-कतल्याच्या मांसात इंग्रजी वायच्या (Y) आकाराचे बारीक काटे असतेत. ते मधल्या काट्याला जोडलेले नाईत, मांसातच बसून रायतेत. मुख्यतः पाठीकडच्या भागात आन् शेपटीकडं. कितीबी महाग सुरी आन, ते फिलेतच येतीन. तं पाटीवर बोनलेस लिहून रोहू देशीन, तं पह्यलंच गिऱ्हाईक घशात काटा घेऊन परत येईन.

वहिनी: मग बोनलेस कशाचं करू मामाजी?

मामाजी: मरळीचं कर. तिच्यात असे काटे नाईच्या बरोबर. तिलापिया चालते, पंगास चालते, शिंगाडाबी. शिंगाड्याच्या पाठीवरचा आन् दोन्ही बाजूचे काटे पह्यले पक्कडीनं मोडून टाकजो, ते हातात घुसले तं दिवसभर ठणकते. रोहू द्याचीच असन तं चिरा पाडून दे. फिले कातड्यासकट काढ, कातडं खाली ठेव, आन् वरून तीन-चार मिलिमीटरवर आडव्या चिरा पाड. खाली कातड्यापर्यंत जाऊ दे, पण कातडं तुटू देऊ नको. काटे बारीक तुकडे होतेत आन् कडक तेलात कुरकुरीत होऊन जातेत. चिरा पाच-सहा मिलिमीटरवर गेल्या तं तुकडे लांब रायतेत, मंग टोचतेत. पाटीवर "चिरा रोहू" लिही.

भाचा: "चिरा रोहू" हा ब्रँड होऊ शकतो.

मोठे बाबा: सूनबाई, पोलादाबद्दल. आपल्या लोहाराकडची गाडीच्या कमानपट्ट्याची सुरी धार चांगली धरते, पण ती जाड नि ताठ असते, आणि साधं कार्बन पोलाद असल्यामुळे गंजते. समुद्राच्या मासोळीला स्टेनलेस घ्या हे सगळे सांगतात. पण आपण गोडी मासोळीसुद्धा मीठ, हळद नि लिंबू-चिंच लावून धुतो. मीठ आणि आंबट सुरीला तिथेही लागतंच. म्हणून तलावाची असो की समुद्राची, स्टेनलेसच.

मोठे बाबा: आणि चुंबक घेऊन जा. चुंबक चिकटला की स्टेनलेस नाही, असं दुकानदारही सांगतात. ते सुरीला लागू नाही. धार धरणारं सुरीचं स्टेनलेस कडक केलेलं असतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. न चिकटणारं पोलाद ताट-वाट्यांच्या जातीचं. ते पाणी देऊन कडक करता येत नाही, दोन मासोळ्यांत बोथट होतं. पात्यावर एक्स 50 सीआर एमओ व्ही 15 (X50CrMoV15) असं पोलादाचं नाव कोरलेलं दिसलं तर बिनधास्त घ्या. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या, क्रोमियम 15 टक्क्यांच्या आसपास. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 55 ते 57 एवढा कडकपणा लवचिक पात्याला ठीक. 60 च्या वरचं वाकवताना तडकण्याची भीती असते.

वहिनी: कंपनी कोणती?

जावईबापू: व्हिक्टोरिनॉक्सची फिलेची सुरी लवचिक आहे, मूठ खरखरीत. रापाला कंपनीची लाकडी मुठीची दिसायला देखणी, पण स्टॉलसाठी लाकूड नको. चिकट पाण्याने फुगतं, वास धरतं, पातं नि मूठ यांच्या फटीत घाण बसते. प्लास्टिकची किंवा रबरी मूठ घ्या, फट नसलेली. पात्याच्या सुरुवातीला बोट अडेल असा उंचवटा हवाच. मरळीच्या चिकट्याने हात पुढे घसरतो, आणि पुढे धार असते.

मोठे बाबा: व्हिक्टोरिनॉक्स 1884 ची स्विस कंपनी. नावातला "इनॉक्स" म्हणजे फ्रेंचमध्ये स्टेनलेस.

आत्या: दादा, शाळा सुटली आता. धार कशी लावायची ते सांगा.

मोठे बाबा: बरं. सायकलवरच्या धारवाल्याला ही सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. निळसर झाली की तिथलं पाणी (कडकपणा) उतरलं समजा, तेवढा भाग पुन्हा धार धरत नाही. घरी 1000 ग्रिटचा (मध्यम दाण्याचा), पाणी टाकून वापरायचा धारेचा दगड घ्या. पातं 20 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 5 मिलिमीटर उचला, म्हणजे कोन साधारण 15 अंश होतो. अंदाजासाठी तीन नाणी एकावर एक ठेवून बघा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बोट आडवं फिरवलं की खरखर लागते. टाचेपासून (मुठीजवळच्या धारेपासून) टोकापर्यंत ती खरखर आली की मगच पालटा. लोक खरखर यायच्या आधीच पालटतात, मग तासभर घासूनही धार येत नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने दहा-बारा वेळा ओढा. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी उचला, नाहीतर टोक बोथटच राहतं.

वहिनी: आणि काढायची पद्धत? मरळ दीड किलोची धरा.

जावईबापू: खवले फिलेच्या सुरीने काढू नका, धार जाते. चमचा किंवा जुन्या चाकूची पाठ, शेपटीकडून डोक्याकडे. मग मासोळी पुसून कोरडी करा आणि खाली ओलं पोतं घाला, घसरणार नाही. कल्ल्यामागच्या पराच्या मागून तिरका काप, मधला काटा लागेपर्यंत, तोडायचा नाही. तिथे पातं आडवं करा, धार शेपटीकडे. मग पाठीकडून काट्यावर पातं टेकवत लांब ओढी घ्या. बारीक कर्रकर्र आवाज यायला हवा. आवाज थांबला म्हणजे पातं मांसात चढलं. बरगड्यांशी आलं की टोक किंचित वर उचलून त्यांच्यावरून न्या. कातडं काढायचं तर शेपटीकडचं टोक मिठाच्या हाताने धरा, पातं जवळपास आडवं ठेवा आणि सुरी ढकलू नका, कातडं ओढा. कोन वाढला की कातडं कापतं.

मामाजी: पोट फाडताना टोक वर ठेवजो. खाली गेलं तं पित्त फुटते आन् मांस कडू होते. फुटलंच तं तेवढा भाग कापून फेक, धुऊन जात नाई. आन् रोहू-कतल्याचं पित्त औषध म्हणून गिळतेत काई लोक. तं त्यानं किडनी बंद पडते, शिजवलं तरी. स्टॉलवर कोणी मागितलं तं देऊ नको.

वहिनी: बापरे. नाही देणार. दीड किलोत किती निघेल?

मामाजी: रोहूत कातड्यासकट सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. मरळीत डोकं मोठं, त्याच अंदाजानं धर. भाव त्याच्यावर लाव, जिवंत वजनावर नको.

जावईबापू: समुद्राच्या मासोळीबद्दल दोन गोष्टी. सुरमईचं मांस मऊ, तिला दाब कमी नि ओढ लांब. पुढच्या भागात मधोमध काट्यांची एक ओळ राहते, ती चिमट्याने डोक्याच्या दिशेने उपसा. आणि बांगडा-सुरमई पाटावर पडून राहू देऊ नका, एकेक करून बर्फातून काढा. उन्हाच्या दिवसांत तासाभरातही त्यात हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ) वाढायला लागतं आणि ते तळून-शिजवून जात नाही. अंगावर लाली, डोकेदुखी होते. गोड्या रोहूला हा त्रास सहसा नसतो, म्हणून आपल्याकडे सवय नाही.

वहिनी: काम झाल्यावर तेल लावायचं का? घरात जवसाचं आहे.

मोठे बाबा: जवसाचं नको. वाळून चिकट थर बसतो. खोबरेलाचा पुसट हात पुरे. त्याआधी साबणाने धुऊन लगेच कोरडी करा, बादलीत पडू देऊ नका. मिठाच्या पाण्यात रात्रभर राहिली तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात आणि ते घासून निघत नाहीत.

भाचा: मामी, डाव्या हाताला न कापणारा हातमोजा टाकतो कार्टमध्ये. बारा सुऱ्या काढल्या.

वहिनी: टाक. सात इंची, मधली लवचिक, रबरी मुठीची सुरी, 1000 चा दगड, हातमोजा. पहिल्या रविवारी मरळ आणि चिरा रोहू. मुंडकी नि काटे उरतील बरेच.

आत्या: मुंडकी इकडे पाठव. पावशी रिकामीच बसली आहे.