मदत हवी आहे: पाहुणे आले की कुत्रं अंगावर उड्या मारतंय, येळवशीला नवे सोयरे येणार आहेत

नमस्कार मंडळी. लातूरपासून जवळच आमचं गाव. नाव सांगत नाही, भुऱ्याची कीर्ती तालुक्यात आधीच भरपूर झालीय.

भुऱ्या दीड वर्षाचा. आई कारवानी जातीची शिकारी कुत्री, बाप कोण ते तिलाच ठाऊक. लांब तंगड्या, पोट पाठीला चिकटलेलं, उभा राहिला की पुढचे पाय माझ्या खांद्याला टेकतात. चावरा अजिबात नाही, आजवर कुणाला दात लावलेला नाही. पण फाटकाची कडी वाजली की त्याच्या अंगात येतं. आधी भुंकणं, मग धावणं, मग थेट माणसाच्या छातीवर दोन पाय आणि तोंड चाटायचा प्रयत्न. शेजारची मावशी आता कडी न वाजवता भिंतीपलीकडूनच हाक मारते, "हाय का बांधलेलं?"

तुळशीचं लग्न झालं आणि धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले. मी याला मागं गोठ्यात बांधून ठेवलं होतं. पोह्याच्या बशा फिरल्या तोवर यानं पट्ट्यातून मान काढली. मुलाच्या मामांनी घाबरून बशी डोक्याच्या वर धरली. भुऱ्याला वाटलं, खेळ सुरू झाला. पुढचं सांगत नाही. पांढरा शर्ट, शेणाचे दोन ठसे, हातावर नखाचा लांब ओरखडा आणि सतरंजीवर पोहे. ते मात्र त्यानं स्वच्छ केले.

सोयरीक जमली हे आमचं नशीब. पण मुलानं नंतर बहिणीला फोनवर एवढंच विचारलं म्हणे, "ते कुत्रं तुमच्याकडंच राहणार ना?"

आता वडिलांनी सगळ्या नव्या सोयऱ्यांना येळवशीला शेतावर बोलावलंय. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीची (खोपीची) पूजा, भज्जी (पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, आंबील, आणि येईल त्याला जेवू घालायचं. मोठी माणसं पंचवीस तरी होतील, लेकरं वेगळी. पाच आठवडे हातात आहेत.

करून बघितलेले उपाय: ओरडणं (तो आणखी नाचतो), वर्तमानपत्राची गुंडाळी (ती त्यानं फाडली), कुणीतरी मोबाइलवर दाखवलेलं छातीत गुडघा मारणं (एकदाच केलं, दिवसभर माझ्याकडं बघितलं नाही, पुन्हा करणार नाही). बांधला तर साखळी ताणून इतका भुंकतो की पाहुण्यांना वाटतं, सुटला तर फाडून खाईल.

वडील म्हणतात, "त्या दिवशी घरीच कोंड त्याला." मला ते पटत नाही, शेत त्याचंच आहे. एवढ्या दिवसांत काही होईल का? खाऊचं म्हणाल तर आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, हे धरून सांगा.

परभणीकर:
होईल. पण आधी एक शोधा, घरातलं कोण त्याला उड्या मारू देतंय? कुत्रं तोंडाजवळ यायला बघतं, कारण भेटायची त्याची रीतच ती. त्यावर आपण ढकललं, ओरडलो, हात वर केले तरी त्याच्या हिशेबी माणसानं दखल घेतली. नऊ वेळांतल्या एका वेळी कौतुक झालं तरी ते दहाव्यांदा उडी मारतं, मटक्याच्या आकड्यासारखं.

म्हणून उडी मारली की पाठ फिरवा. बोलायचं नाही, बघायचं नाही, हात छातीशी. चारी पाय जमिनीवर आले की लगेच, म्हणजे खरंच लगेच, नखाएवढा पनीरचा तुकडा. तोही खाली जमिनीजवळ द्या, वरून दिला तर पुन्हा उडी. पहिले चार दिवस उड्या वाढतील, नेहमीची युक्ती चालेना म्हणून तो जोर लावून बघतो. बहुतेक जण तिथंच "हे काय खरं नाही" म्हणून सोडून देतात.

दुसरं, त्याला काय करायचं नाही ते सगळे सांगतायत, काय करायचं ते कुणीच सांगत नाही. एक पोतं घ्या. पोत्यावर पाय ठेवला की खाऊ, बसला की खाऊ, अर्धा मिनिट टिकला की खाऊ. हे जमलं की मगच कडी वाजवा, तीही स्वतःच, पाहुणा नसताना, दिवसातून वीसदा. कडी वाजली म्हणजे पोत्यावर जायचं, एवढं डोक्यात बसलं पाहिजे. पोतं हलतं असतं, तेच शेतावर न्यायचं.

पट्टा बदला. कारवानीची मान जाड आणि डोकं निमुळतं, साधा पट्टा कानावरून सरकतोच. ओढलं की थोडा आवळणारा, पण गळा न दाबणारा पट्टा मिळतो, नाहीतर अंगाचा पट्टा घ्या. आणि ही सशामागं धावणारी जात आहे. पाहुण्यांच्या आधी तासभर मोकळ्या रानात पळवून आणा. न पळालेल्या कारवानीला शहाणपण शिकवणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला नांगराला जुंपणं.

गप्प_बसवेना:
कुत्र्याला कुत्र्यासारखं ठेवा. आमच्या आज्यानं दहा कुत्री सांभाळली, एकालाही पनीर घातलं नाही.

उदगीरची:
आजोबांच्या कुत्र्यांना कडी नव्हती की सतरंजी नव्हती, ती रात्रभर शेतातल्या आखाड्यावर असायची. असो.

मला त्या ओरखड्याची काळजी वाटली. रक्त आलं नसलं तरी नखाचा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. लस घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवायचं, हळद लावून आपण नाही. मामांना दाखवायला सांगितलं होतं का? आणि भुऱ्याची रेबीजची लस दरवर्षी होते ना?

लेकरांचं वेगळं धरा. ती पळतात, किंचाळतात, हातात उंडा असतो. जेवणाच्या वेळी पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात पाहिजे, पोतं शिकलेलं असलं तरीही. शेपूट पोटात, सारख्या जांभया, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं किंवा अंग एकदम ताठ होणं, यातलं काही दिसलं तर तो आनंदात नाही, घाबरलाय. तेव्हा पोतं उचलायचं आणि लांब झाडाखाली न्यायचं. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं म्हणजे त्यानं सांगून बघितलेलं असतं. सांगायचंच बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

आणि भज्जी घालू नका, लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनी:
उदगीरच्या ताई, मामांना दुसऱ्याच दिवशी फोन केला, त्यांनी आधीच दाखवलं होतं. इंजेक्शनं सुरू होती आणि मला बोलले नव्हते. फार ओशाळलो. भुऱ्याची लस झालेली आहे, कार्ड त्यांना पाठवलं.

परभणीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पहाटे पाचला वडील धारेला उठतात. मी खिडकीतून बघितलं. फाटकातून आत आले, कडी लावली, बादली ठेवली आणि दोन्ही हातांनी स्वतःची छाती बडवत म्हणाले, "ये रे माझ्या वाघा, ये वर!" भुऱ्या वर. चांगली दोन मिनिटं गळाभेट. म्हणजे हा माणूस रोज शिकवणी घेतोय आणि वर मलाच सांगतोय, कोंड त्याला.

बोललो तर म्हणाले, "मी काय पाहुणा हाय का?" वाद घालून उपयोग नव्हता. शेवटी पनीरची डबीच त्यांच्याकडं दिली. आता ते छाती बडवत नाहीत, खाली वाकून पोतं बडवतात. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण वाकतात.

सध्याची स्थिती: कडी वाजली की दहातल्या सात वेळा पोत्यावर. मावशी रोज मुद्दाम दोनदा येऊन जाते, तिला दिवसातून दोन चहा लागू झालेत. नवीन पट्ट्यातून अजून निसटला नाही. अडतंय ते मोटरसायकलवर. दारात गाडी थांबली की पोतं-बितं सगळं विसरतो, आणि सोयरे तर सगळे गाडीवरच येणार. गाडीच्या आवाजाची सवय कशी करायची, बंद गाडीपासून सुरुवात करू का? आणखी दोन आठवडे आहेत.