अ‍ॅडम हिल्स: रंगमंचावरून स्टुडिओत गेल्याने विनोदाची धार गेली का?

पांथस्थ (धागाकर्ते)

ऑस्ट्रेलियन स्टँड-अप कलाकार आणि सूत्रसंचालक अ‍ॅडम हिल्स यांच्याविषयी एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. दूरचित्रवाणीवर पाहुण्यांना बोलते करण्यात वर्षे घालवल्यामुळे एका अव्वल स्टँड-अप कलाकाराची धार बोथट झाली, असा तो आक्षेप आहे. मला तो मुळीच मान्य नाही. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी विनोद सूत्रसंचालकाच्या खुर्चीतूनच झाला आणि तो एकट्याने माइकसमोर उभे राहून करता येण्यासारखा नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हिल्स यांचा जन्म १९७० मध्ये सिडनीत झाला. त्यांना जन्मतःच उजवे पाऊल नाही आणि ते लहानपणापासून कृत्रिम पाय वापरतात. १९८९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते सिडनीच्या कॉमेडी स्टोअरमध्ये उभे राहू लागले. पुढे अ‍ॅडलेडमध्ये त्यांनी सकाळचा रेडिओ कार्यक्रम केला आणि मग एडिनबरा फ्रिंज महोत्सवात नाव काढले. २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षे त्यांना तिथल्या पेरिए या विनोदी प्रयोगांसाठीच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले. विशेष म्हणजे कारकिर्दीची पहिली कित्येक वर्षे त्यांनी आपल्या पायाचा रंगमंचावर उल्लेखही केला नाही, कारण एकदा तो विषय काढला की लोक आपल्याला ‘एका पायाचा विनोदकार’ म्हणूनच ओळखतील, ही भीती रास्त होती. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानतळांवरची तपासणी कडक झाली, धातू शोधणाऱ्या यंत्रासमोर कृत्रिम पायाचे स्पष्टीकरण देण्याची पाळी वारंवार येऊ लागली आणि २००२ च्या ‘हॅपी फीट’ या प्रयोगात तो पाय अखेर विषय म्हणून समोर आला.

२००५ ते २०११ या काळात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर, म्हणजे एबीसीवर, ‘स्पिक्स अँड स्पेक्स’ हा संगीतावरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम केला. अ‍ॅलन ब्रो आणि मिफ वॉरहर्स्ट हे दोन संघनायक आणि मध्ये हिल्स, अशी ती रचना होती. त्यातल्या एका फेरीत संघनायकाच्या हाती गाण्याशी काडीचाही संबंध नसलेले एखादे पुस्तक दिले जाई, त्यातला मजकूर त्याने ठरलेल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचा आणि सोबत्यांनी गाणे ओळखायचे. अशा वेळी सूत्रसंचालकाने स्वतः किती बोलायचे आणि दुसऱ्याच्या फजितीला किती वाव द्यायचा, याचे जे भान हिल्स यांना होते, ते त्या सात वर्षांत पक्के झाले असावे असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. लंडनमधल्या २०१२ च्या पॅरालिम्पिक स्पर्धांचे ब्रिटनमधले प्रसारण चॅनेल फोरकडे होते आणि दिवसभराच्या स्पर्धा संपल्यावर रोज रात्री हिल्स ‘द लास्ट लेग’ सादर करत असत. बीजिंगच्या २००८ च्या स्पर्धांच्या वेळी एबीसीच्या प्रसारणात काम केल्यामुळे हा विषय त्यांना नवा नव्हता. सोबत दोन जण होते. अ‍ॅलेक्स ब्रुकर यांचे हात जन्मतः वेगळे आहेत आणि एक पाय कृत्रिम आहे, तर जॉश विडिकम यांना कोणतेही अपंगत्व नाही. तीन माणसे आणि चार पाय, असे ते स्वतःचे वर्णन करत. या कार्यक्रमात ‘हे चालेल का?’ या अर्थाचा एक भाग होता. एरवी विचारायला जीभ रेटणार नाही असे प्रश्न प्रेक्षकांनी ट्विटरवरून पाठवायचे आणि तिघांनी त्यांची उत्तरे द्यायची.

स्टँड-अपमध्ये प्रश्नही कलाकाराचा असतो आणि उत्तरही त्याचेच असते. प्रेक्षक हसतो तो कलाकाराने परवानगी दिल्यामुळे, त्यामुळे स्वतःचे अज्ञान बोलून दाखवण्याची वेळ प्रेक्षकावर कधीच येत नाही. ‘द लास्ट लेग’मध्ये ती वेळ लाखो लोकांवर एकदम आली आणि विडिकम हे त्या अज्ञानाचे प्रतिनिधी म्हणून मेजाशी बसलेले होते. माझ्या मते हा विनोद रंगमंचावरच्या विनोदाहून अवघड आहे. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

नीरक्षीर

पांथस्थ, तुमची मांडणी सुसंगत आहे, पण तिच्यातून हिल्स यांचा रंगमंचच गळून पडला आहे. ‘परवानगी देणारा कलाकार आणि ती घेणारा प्रेक्षक’ हे वर्णन अनेकांना लागू पडेल, पण नेमके हिल्स यांना लागू पडत नाही. त्यांचा स्टँड-अप प्रेक्षकांशी होणाऱ्या संवादावर उभा असतो. समोरच्या रांगेतल्या एखाद्याचा व्यवसाय विचारायचा, तिसऱ्या रांगेतल्या बाईंचे उत्तर त्याला जोडायचे आणि तासाच्या अखेरीस सगळ्या अनोळखी माणसांना एका गोष्टीत गुंफायचे, हे त्यांचे खरे कसब आहे आणि त्यासाठी सलग तास लागतो. दूरचित्रवाणीवर असा सलग तास कोणाला मिळतो?

त्यांनी सांकेतिक भाषेच्या दुभाषी सोबत घेऊन प्रयोग केले, तेही विसरता येत नाही. दुभाषी कोपऱ्यात उभ्या नसत, त्या प्रयोगाचा भाग असत. एखादा चावट शब्द आला की त्याची खूण कशी करतात हे पाहायला ऐकू येणारे प्रेक्षकही हिल्स यांच्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळत आणि कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने त्याच विनोदावर हसत. तुम्ही ज्या सामूहिक धाडसाचे श्रेय स्टुडिओला देता, ते रंगमंचावर आधीच घडत होते. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रगीत तिथले रॉक गायक जिमी बार्न्स यांच्या ‘वर्किंग क्लास मॅन’च्या चालीवर म्हणून दाखवण्याचा त्यांचा गाजलेला प्रकारही मुळात रंगमंचावरचाच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१३ च्या जानेवारीपासून ‘द लास्ट लेग’ आठवड्याच्या बातम्यांवरचा कार्यक्रम झाला आणि त्यात हिल्स यांच्या संतप्त स्वगतांना महत्त्व आले. ऑस्कर समारंभानंतर अमेरिकन विनोदकार जोन रिव्हर्स यांनी गायिका अडेल यांच्या वजनावरून विनोद केले, तेव्हा हिल्स यांनी त्यांना दिलेले उत्तर प्रचंड गाजले. ते उत्तर न्याय्य होते, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु अशा स्वगताला टाळ्या मिळतात त्या प्रेक्षकाचे आधीचेच मत कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवल्याबद्दल. हशा माणसाला बेसावध गाठतो, तर टाळी वाजवताना माणूस स्वतःवर खूश असतो. हिल्स यांच्यासारखा माणूस हशा सोडून टाळीकडे वळला, हे मला नुकसानच वाटते.

दर्यावर्दी

मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. पावणेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात निव्वळ स्टँड-अपवर वर्षभर घर चालवता येईल असे कलाकार थोडेच आहेत. १९८७ मध्ये सुरू झालेला मेलबर्नचा आंतरराष्ट्रीय विनोद महोत्सव मार्च-एप्रिलमध्ये शहर गजबजून टाकतो, पण उरलेल्या वर्षाचे काय? सकाळचा रेडिओ, एबीसीवरचा एखादा कार्यक्रम आणि ऑगस्टमध्ये एडिनबरा, ही इथली रूढ वाट आहे. इथले विनोदकार विल अँडरसन दूरचित्रवाणीवर ‘द ग्लास हाऊस’ आणि नंतर ‘ग्रुएन’ करत असतानाही महोत्सवात उभे राहतच असतात. त्यांनी स्टँड-अप सोडला असे इथे कोणी म्हणत नाही.

हिल्स यांनीही तो सोडलेला नाही. ‘क्लाऊन हार्ट’ हा वडिलांच्या निधनाभोवती गुंफलेला त्यांचा प्रयोग ‘द लास्ट लेग’ स्थिरावल्यानंतरचा आहे. दूरचित्रवाणीमुळे त्यांना मोठी नाट्यगृहे मिळाली आणि हवा तो विषय निवडण्याची मुभाही मिळाली. त्यामुळे ‘रंगमंच की स्टुडिओ’ हा प्रश्न मला इथल्या वस्तुस्थितीला धरून वाटत नाही.

सांजवात

मी स्वतः पायाला आधार देणारा कॅलिपर वापरते, त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही आणि तसे पाहण्याची इच्छाही नाही.

हिल्स चांगले विनोदकार आहेत. पण ‘द लास्ट लेग’ ज्या प्रसारणाचा भाग होता त्याची जाहिरात काय होती, हे पांथस्थ यांनी सांगितलेले नाही. चॅनेल फोरने २०१२ च्या खेळाडूंना ‘अतिमानव’ म्हणून लोकांसमोर आणले. ज्यांना पदक मिळवायचे नाही, ज्यांना बसमध्ये चढायचे आहे आणि नोकरी टिकवायची आहे, त्यांनी त्या शब्दाकडे पाहून काय समजायचे? त्याच काळात ब्रिटनमध्ये अपंगांच्या भत्त्यांची फेरतपासणी चालू होती आणि त्या तपासण्यांचे कंत्राट असलेली कंपनीच स्पर्धांची प्रायोजक असल्यामुळे ऐन स्पर्धांच्या दिवसांत रस्त्यावर निदर्शने झाली.

या बाबतीत मला ऑस्ट्रेलियाच्याच स्टेला यंग जवळच्या वाटतात. त्या पत्रकार होत्या, एबीसीच्या ‘रॅम्प अप’ या अपंगत्वविषयक संकेतस्थळाच्या संपादक होत्या आणि स्टँड-अपही करत. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कोणीतरी त्यांचे नाव एका पुरस्कारासाठी सुचवायचे ठरवले, तेव्हा त्यांच्या पालकांनी विचारले की, तिने असे वेगळे काय केले आहे? २०१४ च्या सिडनीतल्या भाषणात यंग यांनी ही आठवण सांगितली आणि धडधाकट माणसांना हुरूप यावा म्हणून अपंगांची चित्रे वापरण्याच्या वृत्तीवर नेमके बोट ठेवले. त्याच वर्षी मेलबर्नच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळाला आणि डिसेंबरमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्या रंगमंचावर कोणाच्याही प्रश्नांची उत्तरे द्यायला बांधलेल्या नव्हत्या. ‘हे चालेल का?’ या भागात मात्र अपंग माणूस पुन्हा एकदा उत्तर देणारा ठरतो. आम्ही ते काम रेल्वेच्या डब्यात, लग्नात आणि दवाखान्याच्या रांगेत रोज विनामोबदला करत असतो. त्याला धाडस म्हणताना थोडे थांबावे, एवढीच विनंती.

पांथस्थ

सांजवात, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘अतिमानव’ या घोषणेबद्दल आपल्यात मतभेद नाहीत. पण हा कार्यक्रम त्या घोषणेच्या पोटात राहून तिच्या विरुद्ध दिशेने काम करत होता, असे मला वाटते. जाहिरातीत धीरगंभीर चेहरे आणि संगीत होते, तर रात्रीच्या कार्यक्रमात ब्रुकर स्वतःच्या हातांवरून आणि पायावरून मोकळेपणाने विनोद करत होते. अतिमानवाला पाहून माणूस असे हसत नाही. उत्तर देण्याच्या ओझ्याबद्दल म्हणाल, तर रेल्वेच्या डब्यात प्रश्न विचारणारा ती वेळ ठरवतो. इथे कोणता प्रश्न घ्यायचा, कोणता टोलवायचा आणि कोणाची खरडपट्टी काढायची, हे हिल्स आणि ब्रुकर यांच्या हातात होते.

शिवाय हिल्स खेळाकडे केवळ पदकांच्या अंगाने पाहत नाहीत. वॉरिंग्टनच्या शारीरिक अपंगांच्या रग्बी लीग संघातून ते स्वतः खेळले आणि त्या संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ‘टेक हिज लेग्ज’ हा माहितीपट त्यांनी केला. त्यात दिसणारी माणसे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी चिखलात उतरणारी आहेत. तुम्ही ज्या सर्वसामान्य अपंग माणसाबद्दल लिहिता तोच तिथे आहे आणि त्याला पडद्यावर आणण्याचे वजन हिल्स यांना सूत्रसंचालक म्हणून मिळालेल्या लोकप्रियतेतून आले.

नीरक्षीर, हशा आणि टाळीचा तुमचा भेद मला पटतो. पण तो २०१३ नंतरच्या राजकीय स्वगतांना लागू आहे. माझा दावा पॅरालिम्पिकच्या रात्रींविषयी आहे आणि तो मी सोडत नाही.

रानवारा

प्रसारणाने काय फरक पडतो, याचे आपल्याकडचे उदाहरण द्यावेसे वाटते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. माझ्या शाळेत ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधवांचा धडा सर्वांना माहीत होता, पण पेटकरांचे नाव एकाही शिक्षकाने कधी घेतले नाही. त्या स्पर्धा रोज रात्री घराघरांत पोहोचवणारे, अपंगत्वानुसार होणारे खेळाडूंचे वर्गीकरण समजावून सांगणारे आणि वर हसवणारे कोणी नव्हते. सांजवात यांची टीका योग्य आहे, पण ती करता येण्याइतपत तरी प्रसारण व्हायला हवे ना?

नीरक्षीर

रानवारा, पेटकरांची उपेक्षा संतापजनकच आहे, पण त्याला उत्तर म्हणून जे हवे ते उत्तम क्रीडा-प्रसारण. ते चॅनेल फोरने केलेही. वर्गीकरणाची किचकट अक्षरे आणि अंक प्रेक्षकाला समजावेत म्हणून माजी पॅरालिम्पिक जलतरणपटू जाइल्स लाँग यांनी तयार केलेली ‘लेक्सी’ ही चित्रपद्धती त्यांनी वापरली. ते श्रेय निवेदकाच्या विनोदबुद्धीला देऊ नये.

सांजवात

पांथस्थ, प्रश्न निवडण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता, हा तुमचा मुद्दा मी मान्य करते. त्याने फरक पडतो. पण तो अधिकार पुढे कोणाकडे गेला, हेही पाहू या. सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी निगडित, हालचालींवर परिणाम करणारे अपंगत्व) असलेल्या विनोदकार रोझी जोन्स याच कार्यक्रमात वारंवार दिसत आल्या आहेत. त्यांचे बोलणे संथ आहे आणि त्याच संथपणाचा त्या विनोदासाठी वापर करतात. वाक्याचा शेवट काय असेल ते प्रेक्षक मनात ठरवून टाकतो आणि त्या भलताच शब्द उच्चारतात. त्यासाठी सोबतच्या तीन बोलघेवड्या पुरुषांना गप्प बसावे लागते आणि संकलकाला ती शांतता कापण्याचा मोह आवरावा लागतो. हिल्स यांच्या कार्यक्रमात तसे घडते, हे मी पाहिले आहे. उद्या त्यांची खुर्ची रिकामी झाली, तर वाहिनी तिथे जोन्स यांना बसवील की पुन्हा एखाद्या भराभर बोलणाऱ्या पुरुषाला शोधील, यावर तुमचे म्हणणे वाचायला आवडेल.