शब्दचर्चा : काळजाचा ठोका, छातीतली धडधड आणि ‘जीव घाबरतोय’

नौपाडा, ठाणे (प्रश्न) : हृदयरुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार होतंय. ‘पॅल्पिटेशन’साठी (आपल्या हृदयाचे ठोके आपल्यालाच जाणवणं) मसुद्यात ‘स्पंदनजाणीव’ आलंय. असं कोण बोलतं? त्याऐवजी ‘काळजाचा ठोका चुकणे’ घ्यावं का? आणि काळीज म्हणजे हृदयच ना?

वाशी, भाषाशिक्षक : अवयव म्हणून नाही. अमरकोशात ‘कालखण्ड’ आणि ‘यकृत्’ एकाच अर्थाचे दिलेत. मटणवाल्याकडे काळीज मागा, यकृतच मिळेल. हृदय हवं तर ‘दिल’ म्हणावं लागतं. भावनेच्या बोलीत मात्र काळीज छातीत जाऊन बसलं : ते धडधडतं, त्यात धस्स होतं. म्हणून अवयव सांगायचा तिथे ‘हृदय’च लिहा. ऊर भरून येतो तो गहिवराने किंवा अभिमानाने. धडकी भरते ती छातीत किंवा उरात.

ऐरोली, ईसीजी तंत्रज्ञ : ‘ठोका चुकणे’ जरूर घ्या, लोक तेच सांगतात. फक्त खाली एक ओळ द्या : बहुतेक वेळा ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे तो जाणवतही नाही. मग जरा लांब विराम येतो, त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. ‘धस्स’ म्हणतात ते बऱ्याचदा हेच.

‘धडधड’ निराळी. विश्रांतीत ठोके मिनिटाला ६० ते १००. भीती वाटली की ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम सुटतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, वेग चढतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात; तिथे अ‍ॅड्रेनलिन रक्तातून पोचेपर्यंत वेग फारसा हलत नाही. म्हणजे भीती ओळखतो तो मेंदू, हृदय त्याचा हुकूम पाळतं.

कळवा, परिचारिका : पत्रकात ‘जीव घाबरतोय’ हवंच हवं. हे शब्द ऐकून ‘चिंता’ लिहून मोकळं होणं धोक्याचं आहे. धाप, धडधड, छातीवरचं दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही लोक याच शब्दांत सांगतात. मधुमेही आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक ठळक कळ न येताही असू शकतो. नुसता घाम, मळमळ, ‘घाबरं होतंय’ एवढंच. म्हणून लगेच विचारायचं : कधीपासून? बसल्याजागी की जिना चढताना? डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातं का? घाम आला का? संशय आला तर रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा. घरी असाल तर १०८. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन थांबू नये, हेही ठळक अक्षरांत छापा.

नौपाडा, ठाणे : आणि ‘ब्रोकन हार्ट सिंड्रोम’ला ‘हृदयभंग’?

ऐरोली, ईसीजी तंत्रज्ञ : नको. वाचणाऱ्याला प्रेमभंग वाटेल. हा आजार जवळचं माणूस गेल्यावर, अपघातानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, क्वचित अतिआनंदानेही होतो. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया. जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हटलं, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. हृदयाचा डावा खालचा कप्पा तसा फुगतो. ‘तणावजन्य हृदयविकार (ताकोत्सुबो)’ असं लिहा. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला झालेली इजा दाखवणारी रक्तचाचणी) हार्ट अटॅकसारखेच येतात, पण अँजिओग्राफीत त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, तरी सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात. तेव्हा ‘धक्का बसलाय, रडू दे, बरं वाटेल’ म्हणत छातीत दुखणाऱ्या माणसाला घरी ठेवू नका.