स्टेरॉईडचा पंप बंद करण्याविषयी

ए विंग, 304: सर्वांना नमस्कार. गेली नऊ वर्षे मी दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा पंप दोन वेळा घेत आहे. यंदा पावसाळाभर एकदाही धाप लागली नाही, त्यामुळे हे स्टेरॉईड कायमचे सोडावे असे मनात आहे. कोणी पंप बंद केला असल्यास अनुभव कळवावा.

सी विंग, 702: दादा, धाप लागली नाही ती बहुधा पंप नियमित घेतल्यामुळेच. मी तो स्वतःच्या मनाने बंद केला होता. पहिले तीन आठवडे काहीच झाले नाही. पण श्वासनलिकांची सूज हळूहळू परतते आणि बरीच वाढेपर्यंत जाणवत नाही, हे मला ठाऊक नव्हते. डिसेंबरात शेजारच्या इमारतीचे पाडकाम सुरू झाले, निळा पंप (धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारा) दिवसातून सहा-सात वेळा लागू लागला आणि एका पहाटे नेब्युलायझरसाठी रुग्णालय गाठावे लागले. ज्या भीतीने मायक्रोग्रॅममधले औषध सोडले, त्याच जातीच्या गोळ्या पाच दिवस रोज 40 मिलिग्रॅम घ्याव्या लागल्या, याचे आजही वाईट वाटते.

बी विंग, 101: ताई, पण वर्षानुवर्षे स्टेरॉईड घेणे चांगले कसे? माझ्या आईचा आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात.

सी विंग, 702: शंका रास्त आहे. ते चट्टे बहुधा बुरशीचे असतात, एकदा डॉक्टरांना दाखवा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घेतला आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी मंदावू शकतात, आणि नेमके म्हणूनच तो एकाएकी तोडणे धोक्याचे असते. दादांनी ‘बंद करू का’ याऐवजी ‘डोस उतरवता येईल का’ असे डॉक्टरांना विचारावे. दमा किमान तीन महिने आटोक्यात असेल तर डोस साधारण पाव ते निम्म्याने उतरवतात आणि पुन्हा तीन महिने पाहतात. सर्दी-खोकल्यात किंवा प्रवासाच्या तोंडावर हे करत नाहीत. मोठ्या माणसांनी स्टेरॉईड सोडून केवळ निळ्या पंपावर राहू नये, असे दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे 2019 पासून सांगत आहेत.

ए विंग, 304: ताई, आभारी आहे. डॉक्टरांना भेटेपर्यंत पंप चालूच ठेवतो.

बी विंग, 101: स्पेसर केमिस्टकडे मिळेल का?

सी विंग, 702: हो. धुतल्यावर मात्र फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने औषध आत चिकटून बसते.