मर्केटरचा नकाशा फाडून टाका म्हणणाऱ्यांना

दर्यासारंग
दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. डावीकडे शाळेतला जगाचा नकाशा, म्हणजे मर्केटरचा, त्यावर लाल फुली. उजवीकडे पीटर्सचा नकाशा, त्यावर हिरवी खूण. खाली मजकूर: 'गोऱ्यांनी साडेचारशे वर्षं फसवलं, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दाखवलं, भारत मुद्दाम चिमुकला केला. हा नकाशा फाडून टाका.'

माझी सगळी नोकरी जहाजावर गेली, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली हा नकाशा काढला तो खलाशांसाठी, आणि तसं नकाशाच्या लांबलचक शीर्षकातच लिहून ठेवलं. दोन बंदरांमध्ये पट्टीने रेघ मारा, तिचा उत्तरेशी होणारा कोन मोजा, होकायंत्रावर तोच कोन धरून चालत राहा. बंदर लागतं. हा कोन शाबूत ठेवायचा तर वर जाताना पूर्व-पश्चिम जेवढा ताण पडतो तेवढाच उत्तर-दक्षिणही द्यावा लागतो. म्हणून ६० अंशांवर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होतं. भारत विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून कमी फुगला. त्यात कुणाचा कट नाही.

चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, अंतर मोजताना डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) कडेच्या अक्षांशपट्टीवर टेकवतात, तोही आपण जिथे आहोत त्याच अक्षांशासमोर. तिथलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. नवा कॅडेट वर किंवा खाली कुठेही टेकवायला गेला की सेकंड मेट त्याचा हात धरून योग्य अक्षांशासमोर ठेवायला लावतो. नकाशा ताणलेला आहे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. लपवलेलं काही नाही.

आणि हिरवी खूण मिळालेल्या पीटर्सबद्दल. १८५५ साली जेम्स गॉलने मांडलेलंच प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, १९७३ साली आर्नो पीटर्सने नवं म्हणून पुढे आणलं. क्षेत्रफळ बरोबर, कबूल. आकाराचं काय? त्यात आकार बरोबर येतो तो ४५ अंशांवर, म्हणजे फ्रान्स आणि उत्तर इटलीच्या पट्ट्यात. विषुववृत्तावरची आफ्रिका दुप्पट लांबुळकी होते, आणि आपला भारत रुंदीच्या मानाने पावणेदोन पट उंच. युरोपचा चेहरा नीट ठेवून आपला ओढलाय, आणि हा म्हणे वसाहतवादाला विरोध करणारा नकाशा.

खडूफळा
साहेब, तुमचं ज्ञान मोठं आहे, पण तुम्ही बोलताय जहाजाबद्दल. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माझ्या वर्गात कुणाकडे डिव्हायडर नाही, भिंतीवर नकाशा आहे. नववीतल्या मुलांना विचारलं, रशिया मोठा की आफ्रिका? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो रशिया. रशिया पावणेदोन कोटी चौरस किलोमीटरच्या आत, आफ्रिका तीन कोटींच्या वर. ग्रीनलंड आपल्या भारताच्या दोन तृतीयांश आहे हे सांगितलं तर पालकसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. मर्केटरचा हेतू शुद्ध होता म्हणून माझ्या मुलांच्या डोक्यातलं चित्र बरोबर होत नाही. २०२५ साली आफ्रिकन युनियनने मर्केटर सोडा या मोहिमेला पाठिंबा दिला, तो काय उगाच? त्यांच्या खंडात जवळपास १४ ग्रीनलंड मावतात.

जर्सीकर
आई पहिल्यांदा मुंबईहून आमच्याकडे आली तेव्हा समोरच्या पडद्यावर विमान वर वर निघालेलं बघून घाबरली. शेजारच्या प्रवाशाला विचारत राहिली की अमेरिका पश्चिमेला आहे ना, मग हे उत्तरेला कुठे नेतायत? मुंबई-न्यूयॉर्क सर्वांत जवळची वाट ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते, आइसलंडच्या दक्षिण टोकाच्याही वर. वारे आणि हद्दी बघून विमानं थोडी इकडेतिकडे होतात, पण सरळ पश्चिमेला कुणी जात नाही. सपाट नकाशावर ही वाट कमानीसारखी दिसते आणि माणसाला वाटतं पायलट चुकला. शिकलेल्या बाईला असं वाटावं, ही त्या भिंतीवरच्या नकाशाचीच करणी.

दर्यासारंग
जर्सीकर, ती वाट सरळ दिसणारं नोमॉनिक प्रक्षेपण वेगळं असतं. लांबच्या सफरीत आम्ही आधी त्यावर रेघ मारतो, मग तिचे तुकडे करून मर्केटरवर उतरवतो. दोन्ही लागतात. फाडायचं कुठलं ते सांगा.

खडूफळा
मुलांना मी फाडायला नाही, कापायला लावते. पुठ्ठ्यावर भारत चिकटवायचा, कडेने कापायचा, कडेला टाचणी टोचून लटकवायचा, दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडायचा आणि रेघ मारायची. मग दुसऱ्या टोकाने तसंच. रेघा छेदतात तो मध्य. मर्केटरवरून कापलेल्या पुठ्ठ्याचा मध्य समक्षेत्र (क्षेत्रफळ बरोबर राखणाऱ्या) नकाशावरच्या मध्यापेक्षा वर येतो, कारण लडाख-काश्मीर तिथे जवळजवळ दीडपट फुगलेलं आणि कन्याकुमारी होती तेवढीच. यापेक्षा चांगला पुरावा काय हवा? दोन्ही मध्य मध्य प्रदेशातच पडतात, देशाचा मध्य म्हणवणाऱ्या नागपुरात एकही नाही.

संत्रानगरी
थांबा मॅडम. देशाचा मध्य नागपूरच आहे. झिरो माइलचा खांब १९०७ सालचा, इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याचा, चार घोड्यांसकट. हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा, बैतूलची अंतरं दगडात कोरलेली आहेत. अखंड हिंदुस्थान धरून तो बिंदू काढला होता. १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशाची राजधानी होतो, ती गेली. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला कबूल केलेलं काय काय मिळालं ते आम्हाला विचारा. आता मध्यबिंदूही काढून घेता?

दर्यासारंग
भाऊ, अखंड हिंदुस्थान धरलात तर अडचण वाढते. पाकिस्तान संपूर्ण नागपूरच्या उत्तरेला. बांगलादेश जवळजवळ सगळा उत्तरेला. ब्रह्मदेशाचा मध्य नागपूरच्याच अक्षांशाच्या आसपास. हे जोडल्यावर केंद्र उत्तरेला सरकेल, खाली नागपूरला येणार कसं? आणि तिथे 'जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क' आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवणारी खूण, सुमारे १,०२० फूट. देशाच्या मध्याशी तिचा संबंध नाही.

संत्रानगरी
तुम्ही कधी आलात का इकडे? माझ्या आजोबांनी मला बोट धरून तो खांब दाखवला होता आणि सांगितलं होतं की इथून हिंदुस्थान चारी बाजूंना सारखा. आमच्या अख्ख्या पिढीला हेच सांगितलं. मुंबई-पुण्याच्या माणसांना नागपूरच्या पुढे काही आहे हे नकाशात दिसूनही दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून सरळ रेषेत हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटर, नागपूर पावणेतीनशेच्या जवळ आणि मुंबई साडेसातशे! तिथल्या माणसाने मंत्रालयात यायचं. यावर चर्चा करा, ग्रीनलंडवर काय करता?

जर्सीकर
सिरोंच्याचं पटलं. पण आजोबांनी सांगितलं म्हणून बिंदू सरकत नाही.

संत्रानगरी
आजोबांवर जाऊ नका. अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नका.

जर्सीकर
आजोबांवर कुणी गेलेलं नाही. आकड्यांवर बोला.

खडूफळा
दोघेही जरा थांबा. संत्रानगरी, पुठ्ठा, कात्री, दोरा, टाचणी घ्या आणि स्वतः करून बघा. फक्त समक्षेत्र नकाशा घ्या. अंदमान-लक्षद्वीप पुठ्ठ्याला जोडता येत नाहीत, त्यांच्यामुळे थोडा फरक पडेल, पण नागपूरपर्यंत नाही. कटनी जिल्ह्यातलं करौंदी मध्य म्हणून सांगतात, त्याच बाजूला तुमच्या रेघा छेदतील.

संत्रानगरी
पाकिस्तान-बांगलादेशचा मुद्दा बिनतोड आहे, तेवढं मानतो. खांब उंचीचा तर उंचीचा. पण देशभराच्या सर्वेक्षणात त्यांनी नागपूरला मानाची खूण रोवली, हे तुम्हीही माना. सिरोंच्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

दर्यासारंग
खूण महत्त्वाची आहे, मानलं. सिरोंच्याचं उत्तर माझ्याकडे नाही.
खडूफळा, वर्गातल्या भिंतीपुरता तुमचा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने. रशियाचं उत्तर ऐकून वाईट वाटलं. पण पीटर्स लावू नका. २०१८ साली आलेलं 'इक्वल अर्थ' लावा. क्षेत्रफळ राखतं आणि आफ्रिकेला लांबुळकी करत नाही. आणि शेजारी मर्केटर राहू द्या. फोनवरचे नकाशे त्यावरच उभे राहिले, कारण गल्लीचा काटकोन त्यात काटकोनच राहतो. मुलं रोज तेच बघतात. ते का ताणलेलं आहे हे भिंतीवर दाखवल्याशिवाय कळणार कसं?

खडूफळा
पीटर्स मलाही नको, त्यातला भारत मुलांना ओळखू येणार नाही. पण शेजारी मर्केटर लावायला शाळेत दुसरी भिंत नाही आणि दुसऱ्या नकाशाला पैसेही नाहीत. एकच लावायचा असेल तर इक्वल अर्थ लागेल. मर्केटर मी फळ्यावर काढून दाखवेन, पुठ्ठ्याच्या तासाला.

दर्यासारंग
फळ्यावर काढताना अक्षांशांमधलं अंतर वर वाढवत न्या. सारख्या अंतराच्या रेघा मारल्या तर तो मर्केटर नव्हे.