विषय: की-होल्डर कोण? (आज रात्रीपर्यंत हवंय)

चिटणीस:
मंडळी, टाउन सेंटरमधलं रिकामं दुकान आपण मंडळाच्या शुक्रवारच्या युवा गटासाठी घेतोय, त्याच्या अलार्मचा फॉर्म उद्या सकाळी कौन्सिलला (इथल्या महापालिकेला) द्यायचाय. सगळं भरलंय, एकच रकाना रिकामा आहे: की-होल्डर, किमान दोन. अलार्म वाजला की 20 मिनिटांत माणूस दारात हवा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, आणि तोही स्वतःच्या वाहनाने. समितीतले आपण सगळे रिंग रोडच्या पलीकडे राहतो. "मी आहेच" असं नको, नाव आणि पोस्टकोड द्या. लीज, कोणत्या वारी, पडद्यांचा रंग हे सगळं मागच्या बैठकीत झालंय, कृपया पुन्हा उकरू नका.

खजिनदार:
"झालंय" कसं? मिनिट्समध्ये फक्त "चर्चा झाली" एवढंच आहे. किल्ली आपल्याकडे म्हणजे ताबा आपल्याकडे, आणि ताबा आला की बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानावरचा कर, आपल्या बोडक्यावर. चॅरिटी म्हणून 80 टक्के माफ, उरलेले 20 कौन्सिलच्या मर्जीवर. ते माफ होणार असं लेखी कोणी आणलंय का? मालकाचं बरं आहे. दुकान रिकामं झालं की पहिले तीन महिने सूट, त्यानंतर पूर्ण रेट्स त्याच्या खिशातून. आपण आत शिरलो की तो सुटला. आणि आपण त्यालाच हार घालायला निघालोय! हॉलचं डिपॉझिट कोणामुळे गेलं ते मी इथे काढत नाही.

नाना:
मालकाला उगीच नावं ठेवू नका. डिसेंबर 2024 पासून इंग्लंडमध्ये नियम आलाय. टाउन सेंटरमधलं दुकान 24 महिन्यांत 365 हून जास्त दिवस रिकामं राहिलं तर कौन्सिल लिलाव पुकारून ते एक ते पाच वर्षांच्या लीजवर देऊ शकते. अर्थात कौन्सिलने मनावर घेतलं तर. तेव्हा तो उदार झालेला नाही, घाबरलाय. आपण घासाघीस करायला हवी होती, पण बैठकीत मला बोलू कोण देतं!
आम्ही इथे आलो तेव्हा शनिवारी त्या प्रिसिंक्टमधून (दुकानांच्या पादचारी भागातून) चालताना खांद्याला खांदा लागायचा. पोरं तेव्हाही कट्ट्यावर बसून टवाळक्या करायची. फरक इतकाच की दुकानदार वरच राहायचे, खिडकीतून एक हाक आली की सगळे सरळ. मग दुकानदार गेले, पोरं बसतात म्हणून बाकंही काढली. आता पोरं बसस्टॉपवर बसतात आणि लोक म्हणतात बसस्टॉपवर जायला भीती वाटते.
किल्ली मी घेतो. माझं सीआरबी (गुन्ह्यांच्या नोंदीची तपासणी) झालेलं आहे.

वहिनी (युवा गट):
नाना, सीआरबी 2012 सालीच गेलं, आता डीबीएस. आणि नुसतं कुलूप उघडून घरी जाणाऱ्याला ते लागत नाही, दर आठवड्याला मुलांबरोबर थांबणाऱ्याला लागतं. स्वयंसेवकांना ते फुकट मिळतं. सर्टिफिकेट आल्यावर 30 दिवसांत अपडेट सर्व्हिसला नाव घाला, तेही फुकटच, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून नको. ज्यांनी ज्यांनी मागच्या वेळी हे केलं नाही त्यांची यादी माझ्याकडे आहे.
किल्लीपेक्षा मला रोटाची, म्हणजे पाळ्यांची, काळजी आहे. दर शुक्रवारी वेगळी दोन माणसं, हे चालणार नाही. माझी नोकरीच ही आहे म्हणून सांगते. पोरगं पहिले काही आठवडे दारातच उभं राहतं, फोनचा चार्जर मागतं, निघून जातं. आपण तेच असलो, तिथेच असलो, तर एखाद्या दिवशी चार्जर घेऊन खुर्चीत बसतं. माणूस बदलला की पुन्हा दारात. कौन्सिलची युवा केंद्रं एकेक करून बंद झाली तेव्हा इमारती गेल्याच, पण खरी गेली ती ओळखीची माणसं. कायद्याने 13 ते 19 वयासाठी कौन्सिलने सोय करायची आहे, 1996 च्या एज्युकेशन अॅक्टमध्ये कलम 507बी आहे. पण "वाजवी शक्य असेल तितकी" अशी पळवाट त्यातच आहे, आणि पैसे नसले की शक्य किती ते तुम्हाला कळतंच.

एक पालक:
आपल्या मुलांना प्राधान्य असेल ना? की रस्त्यावरचं कोणीही आत येणार?

वहिनी:
दार रस्त्यावरच आहे. आडनाव विचारून आत घ्यायचं का?

एक पालक:
तसं नाही म्हटलं मी. फक्त विचारलं.

चिटणीस:
दोन नावं. पोस्टकोड. आज.

वरच्या मजल्यावरचा (ढोल गट):
काका-काकू, मी त्याच दुकानाच्या वर राहतो. पूर्वी तिथे ऑफिस होतं. 2013 पासून ऑफिसची अशी घरं करायला पूर्ण प्लॅनिंग परवानगी लागत नाही, त्यातलंच हे. 20 मिनिटं कशाला, चपला घालायच्या आत पोचेन. वाहन मात्र नाही, जिना चालत असेल तर माझं नाव घाला.
पण दाराच्या वर जी करडी पेटी आहे ती मॉस्किटो आहे. पोरांनी तिथे थांबू नये म्हणून. 17.4 किलोहर्ट्झच्या आसपासची शिट्टी, पंचविशीनंतर बहुतेकांना ती ऐकूच येत नाही. पाहणीच्या दिवशी तुम्ही सगळे बरोबर तिच्याखाली उभं राहून पडद्यांवर बोलत होतात, मी जिन्यात कानात बोटं घालून उभा होतो. माझं वय 23, अजून स्पष्ट ऐकू येते. ती बंद झाल्याशिवाय एकही पोरगं त्या दारात उभं राहणार नाही, चार्जर तर लांबच. स्विच मीटररूममध्ये आहे आणि त्या खोलीची किल्ली मालकाकडे.

नाना:
मला तर काहीच ऐकू आलं नाही. बिघडलेली असेल.

वहिनी:
नाना!

खजिनदार:
ती पेटी कोणाच्या मीटरवर चालते? दुकानाच्या असेल तर उद्यापासून तिचं बिल आपण भरायचं, म्हणजे आपल्याच पैशांनी पोरं हाकलायची. हे लेखी हवं.
आणि भाडेकरूचा भरवसा काय? सहा महिन्यांनी घर सोडलं तर? राग नसावा, तत्त्व म्हणून म्हणतोय.

वरच्या मजल्यावरचा:
राग नाही काका. समितीतले सगळेच कधी ना कधी घर सोडून रिंग रोडपलीकडे गेलेत.

चिटणीस:
पहिलं नाव याचं लिहिलं, वाहनाच्या रकान्यात "वरच राहतो". "इतर अटी"मध्ये घातलंय: मॉस्किटो काढल्याशिवाय ताबा घेणार नाही. नुसती बंद नको, काढूनच हवी, नाहीतर कोणीतरी पुन्हा चालू करेल. रेट्सचं पत्रही मागितलंय, खजिनदारसाहेब. दुसरं नाव अजून रिकामं.

वरच्या मजल्यावरचा:
समोरच्या फ्लॅटमध्ये नर्स आहेत, नाइट शिफ्ट नसेल तेव्हा घरीच असतात. विचारलं, हो म्हणाल्या. मराठी नाहीत.

खजिनदार:
सभासद नसलेल्या माणसाला किल्ली? दुसरी किल्ली माझ्याकडे राहू द्या.

चिटणीस:
तुमचा पोस्टकोड टाकून बघितला. रात्रीच्या रस्त्यालाही 34 मिनिटं.

खजिनदार:
बायपासने 26.

वहिनी:
नर्सबाईंचा नंबर मला पाठव रे, मी बोलते त्यांच्याशी. आणि शुक्रवारी कायम थांबायला कोण तयार आहे ते कोणीच सांगितलेलं नाही.