मदत हवी आहे : लष्करातील जॅग सेवा सरकारी वकिलीच्या अनुभवात धरतात का?

माझा धाकटा भाऊ लष्कराच्या जॅग शाखेत, म्हणजे विधी शाखेत, मेजर आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची दहा वर्षे संपत आली. पुढची चार वर्षांची मुदतवाढ त्याला नको. साताऱ्यात परतून जिल्हा न्यायालयात सरकारी वकील व्हायचं त्याच्या मनात आहे. माणूस अभ्यासू आहे, या कामात तो शोभेल असं मला मनापासून वाटतं.

अडचण अनुभवाची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 नुसार जिल्ह्याच्या सरकारी अभियोक्त्याला, म्हणजे सरकारी वकिलाला, वकिलीची किमान 7 वर्षे लागतात. भावाने वकिलीची सनद घेतलेली नाही, कारण पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही. पण त्याच कलमात ‘अन्य अभियोग अधिकारी’ म्हणून केलेली सेवाही वकिलीत धरली जाते, असं आहे. भावाने काही कोर्ट मार्शलमध्ये लष्कराची बाजू मांडली, बहुतेक ठिकाणी मात्र तो जज ॲडव्होकेट, म्हणजे कोर्ट मार्शलला कायद्याचा सल्ला देणारा अधिकारी, म्हणून बसला. ही दोन कामं एकच धरतील का, हाच पेच आहे.

आम्ही कलम मुळातून वाचलं, ओळखीच्या दोन वकिलांना विचारलं. दोघांची मतं उलट निघाली. खासगी वकिली किंवा कंपनीतली नोकरी कृपया सुचवू नका, ते त्याला करायचं नाही. सनद आणि बार परीक्षा तो देणारच आहे.

जॅगमधून येऊन महाराष्ट्रात सरकारी वकील झालेलं कुणी माहितीत आहे का? त्यांची लष्करातली वर्षं धरली गेली का, आणि त्यासाठी लष्कराकडून नेमका कोणता दाखला घ्यावा लागला?